चीफ इंजिनियरला बोट लागते

"सर, मी बातामला नाही येऊ शकत," मेई लिंग तिसऱ्यांदा म्हणाली आणि मी तिसऱ्यांदा तिच्या हातावर आलेपाकाची वडी ठेवली.

मी जहाजावर चीफ इंजिनियर होतो, म्हणजे इंजिनरूममध्ये घाम गाळणाऱ्यांचा मुकादम. बायकोने किनाऱ्याला लावल्यापासून सिंगापूरच्या एका खाजगी कॉलेजात मरीन इंजिनियरिंगचा डिप्लोमा शिकवतो. शेवटच्या वर्षी मुलांना ड्राय डॉक दाखवावा लागतो. जहाज आत घ्यायचं, पाणी उपसायचं आणि त्याचं पोट तपासायचं, अशी ती गोदी. त्यासाठी आम्ही फेरीने इंडोनेशियातल्या बाताम बेटावर जायचो. ही भेट चुकली तर डिप्लोमा नाही.

वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी फेरीला नाही म्हणते, म्हणजे तिला बोट लागत असणार. खलाशाच्या डोक्यात दुसरं काय येणार? पहिल्या सफरीत मी कुठे कुठे ओकलो, ते मी तिला रंगवून सांगितलं. फेरीत कमी हलणारी मधली सीटही तिच्यासाठी धरली. ती "थँक यू, सर" म्हणायची आणि वडी खायची. माझं औषध लागू पडतंय, असं मला वाटत होतं.

मग मी पासपोर्टच्या कॉप्या मागितल्या. मेई माझ्या टेबलापाशी आली.

"पासपोर्ट नाही, सर."

"अगं, मग काढून घे. अजून वेळ आहे."

"कुठल्या देशाचा काढू?"

मी हसलो. ती हसली नाही.

मेईचा जन्म इथलाच, शाळा इथलीच. पण आईकडे कागदपत्रं नव्हती, वडिलांचा पत्ता नव्हता, आणि मेई कुठल्याच देशाची नागरिक नव्हती. इथे राहायची, शिकायची परवानगी ती पुन्हा पुन्हा मागून घ्यायची. सिंगापूरबाहेर पाऊल टाकलं तर परत आत येता येईलच, याची खात्री नव्हती. आणि मी तिला आलं चारत होतो! मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आमच्या विभागप्रमुख मिसेस टॅन म्हणाल्या, "रूल इज रूल."

मी रूल उघडला. त्यात फक्त 'चालू ड्राय डॉक' होतं. बाताम मी घुसडलं होतं, कारण तिथला भाजलेला मासा. डॉक तर इथे सिंगापुरातच, तुआसलाही होते.

"मग तिला एकटीला तुआसला पाठवा," मिसेस टॅन म्हणाल्या.

"एकटी नको, सर," मी मेईला विचारलं तेव्हा ती म्हणाली. "सगळे 'का?' म्हणून विचारतील."

म्हणून मी सगळ्यांचंच बाताम रद्द केलं. वर्ग खवळला. "व्हाय लाह, सर? बाताम सो फन!"

"डॉक्टरांनी मला फेरी बंद केली आहे," मी म्हणालो. "मला बोट लागते."

असा हशा पिकला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मेई मान खाली घालून बसली होती.

तुआसच्या यार्डात माझा जुना शिपमेट सावंत आहे. गेटपाससाठी त्याला खरं सांगावं लागलं. त्याने तिचे कागद दाखवून वरून रीतसर परवानगी काढली. जहाजाच्या पोटाखाली उभी राहून मेईने प्रॉपेलरवर तळहात ठेवला आणि सावंतला इतके प्रश्न विचारले, की तो पाणी प्यायला पळाला.

मेईबद्दल सावंतने कुठे अवाक्षर काढलं नाही. मला बोट लागते हे मात्र, खरं ठाऊक असूनही, सगळ्या मराठी खलाशांना कळवलं. गणपतीत आरतीचं ताट हातात घेतलं की कुणीतरी म्हणतंच, "साहेब, जपून, ताट हलतंय."

मेईला डिप्लोमा मिळाला, पुढे डिग्रीला प्रवेशही मिळाला. पासपोर्ट अजून नाही. परवानगीसाठी अजूनही रांग आहेच.

डिप्लोमा वाटपाच्या दिवशी तिने सगळ्यांदेखत माझ्या हातावर आल्याच्या गोळ्यांचं पाकीट ठेवलं. "फॉर युअर सीसिकनेस, सर."

पोरं फिदीफिदी हसली. मी मुकाट्याने एक गोळी तोंडात टाकली.

तेव्हापासून विद्यार्थी नाही म्हणाला की आधी कारण विचारतो. आलेपाक मागाहून.