गाळी फुकट

खटकचिंचोळीच्या पुढे, भालकीच्या वाटेवर कडुनिंबाखाली शिवगंगाअक्कांचं टायरचं दुकान आहे. दुकानावर पत्र्याचा बोर्ड : ‘पंक्चर काढून मिळेल. गाळी फुकट.’ कन्नडमध्ये हवेला गाळी म्हणतात आणि आमच्या गावात मराठी बोलणारेही गाळीच म्हणतात. पण एकदा लातूरकडचा एक ट्रकवाला बोर्ड वाचून खाली उतरला आणि म्हणाला, “इथं शिव्या फुकट मिळतात व्हय?” अक्कांनी त्याच्या टायरांच्या अवस्थेवरून त्याला असं काही सुनावलं, की दोन्ही अर्थांनी बोर्ड खरा ठरला. मुकाट्याने हवा भरून घेऊन तो गेला.

मी भालकीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. बावीस वर्षं वायूचे नियम फळ्यावर लिहितोय. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे माझी जी फजिती झाली ती या बावीस वर्षांसकट झाली.

दुकान मूळचं अक्कांच्या नवऱ्याचं, हावगेप्पांचं. दहा वर्षांपूर्वी वैशाखात एका पहाटे ते टायर-ट्यूब आणायला गावातल्याच महेशकुमारच्या जीपमधून बसवकल्याणला निघाले. जीप खच्चून भरलेली. वाटेत मागचं टायर फुटलं, जीप उलटली आणि हावगेप्पांचा उजवा हात कोपराच्या वर कापावा लागला. बाकीचे खरचटण्यावर वाचले. महेशकुमारने गाडी बेफाम हाणली, असं सगळा गाव म्हणाला. हाणली नाही असं तो शपथा घेऊन सांगत होता, पण त्याच्या गाडीत पुन्हा कोणी बसेना. शेवटी जीप विकून तो जनवाड्याला सासुरवाडीच्या शेतावर राबायला गेला. गावाने एकदा माणसाला नाव ठेवलं की चौकशी करायच्या भानगडीत कोणी पडत नाही. मीही पडलो नाही.

हावगेप्पा दुकानापुढच्या बाजेवर बसून राहिले आणि दुकानाची हत्यारं अक्कांनी उचलली. चौथी शिकलेली बाई. पहिल्या महिन्यात लोक गंमत बघायला यायचे, दुसऱ्या महिन्यात पंक्चर घेऊन यायला लागले. ट्रॉलीच्या चाकाचं बेअरिंग आसावर चढत नसेल तर दुसरे लोक हातोडीने ठोकून त्याचा चुरा करतात. अक्का ते कढत तेलात बुडवून ठेवतात. तापलं की ते केसभर फुगतं, आसावर अलगद सरकतं आणि गार झालं की घट्ट धरून बसतं. मी हे प्रसरण वर्गात शिकवतो, पण माझ्या हातून आजवर एक बेअरिंग बसलेलं नाही.

दुकानाची मागची भिंत मात्र बघण्यासारखी आहे. तिच्यावर खडूने कन्नड आकडे लिहिलेले आहेत, सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन रांगांत. अपघातानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात अक्कांनी एक जुनं टायर हवा भरून अंगणात ठेवलं होतं आणि रोज तीनदा हवेचं मीटर लावून आकडा लिहीत होत्या. दर दिवाळीला दुकानाला चुना लागतो, त्या भिंतीला त्या हात लावू देत नाहीत. मी ते आकडे हिशेबाचे समजत होतो.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या घरचे आम्ही अकरा जण पुतणीच्या साखरपुड्याला बीदरला निघालो होतो. गाडी व्यंकटची क्रूझर. व्यंकट गावातल्या सहा क्रूझरवाल्यांचा म्होरक्या. त्या सहा गाड्यांवरच अक्कांचं दुकान चालतं म्हटलं तरी चालेल. त्याने सकाळी अक्कांकडे हवा भरून बसवकल्याणची एक फेरी मारली होती. दुपारी दोनला आम्हाला घेतलं आणि दुकानापाशी गाडी थांबवून पुन्हा हवा बघायला सांगितली. आठ दिवसांपूर्वी हुमनाबादच्या रस्त्यावर एका गाडीचं टायर फुटलं होतं आणि सगळे ड्रायव्हर धसका घेऊन होते.

अक्कांनी मागच्या टायरला मीटर लावलं. काटा सत्तेचाळीसवर.

“अक्का, सकाळी चाळीस भरले म्हणलीस की,” व्यंकट म्हणाला. “सत्तेचाळीस कामून दाखवायलंय? तुझं मीटरच खोटं हाय.”

“मीटर खरं हाय. टायर तापलंय.”

“मग सात काढ. वाटंत फुटलं म्हणजे?”

“तापल्या टायरची गाळी मी काढत न्हाई. हाय तशी गाडी ने.”

व्यंकट चिडला. उन्हात गाडीतले अकरा जण शिजत होते, बायका पदराने वारा घेत होत्या. तेव्हा मला माझ्या पदवीची आठवण झाली. मी खाली उतरलो आणि म्हणालो, “अक्का, तापमान वाढलं की दाब वाढतो. शास्त्रच आहे ते. वाढलेली हवा काढून टाकली तर बिघडतं कुठं?”

अक्कांनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. “सर, ही वाढलेली गाळी आली कुठनं? सकाळपासनं कुणी भरली?”

मी वाकून टायरकडे पाहिलं.

“गाळी वाढली न्हाई. सकाळी होती तेवढीच आत हाय. ती तापली म्हणून जोरानं धडका मारायलीय, एवढंच. आता सात काढले तर उद्या पहाटे गार झाल्यावर तेहतीस राहतील. मग भरल्या गाडीत टायर बसतंय, त्याची कूस दबती, वळती, वळून वळून तापती. टायर त्यानं फुटतंय सर. जास्त गाळीनं न्हाई, कमी गाळीनं.”

फळ्यावरच्या त्या सूत्रात वायू किती आहे ते दाखवणारं एक अक्षर असतं. बावीस वर्षं मी ते मुलांकडून पाठ करून घेत आलो. ते अक्षर म्हणजे टायरात कोंडलेली, ना वाढलेली ना घटलेली हवा, हे त्या दुपारी मला त्या बाईकडून कळलं. लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

व्यंकटला शास्त्राशी देणंघेणं नव्हतं. तो म्हणाला, “मी दुसरीकडं काढून घेतो. आन उद्यापासनं आमच्यातली एक गाडी तुझ्याकडं येणार न्हाई.”

बाजेवरचे हावगेप्पा खाली मान घालून बसले होते. अक्कांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि व्यंकटपुढे उभ्या राहिल्या. “उद्या उन्हं पडायच्या आत गाडी घेऊन ये. तोवर भरू नको, काढू नको. पाहिजे तर दुसरं मीटर आण. काटा चाळीसच्या वर गेला तर मी बोर्ड उतरवते, दुकान बंद. पण आज हात लावू नको. अकरा माणसं हायत गाडीत.”

सगळं दुकान पणाला लावलेलं पाहून व्यंकट वरमला. बघू उद्या, म्हणाला आणि स्टिअरिंगवर बसला.

बीदरपर्यंत मी नेमका मागच्या चाकावरच्या जागेवर बसलो होतो. प्रत्येक खड्ड्याला मी पुढची सीट घट्ट धरत होतो. अक्कांचं म्हणणं पटलं होतं, पण पटणं वेगळं आणि त्यावर बूड टेकून बसणं वेगळं. काही झालं नाही. साखरपुडा झाला, जिलेबी खाल्ली आणि रात्री सुखरूप घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दुकानापाशी गेलो तेव्हा सहाही क्रूझरवाले हजर होते. व्यंकटने भालकीहून नवं कोरं मीटर मागवलं होतं. रात्रभर उभी असलेली गाडी तशीच होती. टायरावर हात ठेवला तर माठासारखं गार. अक्का पुढे झाल्या, तेवढ्यात हावगेप्पा बाजेवरून उठले. “मी बघतो,” म्हणाले. नऊ वर्षांत त्यांनी एका हत्याराला हात लावलेला कोणी पाहिला नव्हता. ते गुडघ्यावर बसले आणि डाव्या हाताने मीटर व्हॉल्वच्या तोंडावर दाबलं. पहिल्यांदा हवा फुसकन निसटली. दुसऱ्यांदा त्यांनी नीट दाबून धरलं.

काटा चाळीसच्या एक रेघ खाली थांबला.

“एक कमी दाखवायलंय,” कोणीतरी म्हणालं.

“ती आत्ता माझ्या हातनं निसटली,” हावगेप्पा म्हणाले.

व्यंकटने चारही चाकं तपासली. बाकी तिन्ही चाकांवर चाळीस. तो अक्कांकडे वळला आणि म्हणाला, “अक्का, चुकलं माझं.” अक्का हसल्या, पण त्यांचं लक्ष नवऱ्याकडे होतं. हावगेप्पा अजून चाकापाशीच बसून होते.

“महेशकुमारनं गाडी हाणली नव्हती,” ते खाली बघतच म्हणाले. “आदल्या दिवशी भर दुपारी तो टायर दाखवायला आलता. टायर तापलेलं. मीच धा काढले. फुटंल म्हणून काढले. पहाटे त्याच गाडीत बसलो.”

मी मागच्या भिंतीकडे पाहिलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. महेशकुमारचं टायर का फुटलं ते अक्का त्या आकड्यांत शोधत होत्या, हे आता मला कळलं.

हावगेप्पांनी अक्कांकडे मान वर केली. “तुला म्हाईत होतं?”

“तुम्ही गाळी काढताना बघितलं होतं. त्यानं काय होतंय ते पहिल्याच उन्हाळ्यात कळालं.”

“मग बोललीस कामून न्हाईस?”

“तुम्ही बोलायची वाट बघायले होते.”

नऊ उन्हाळे या बाईने एकाही तापल्या टायरची हवा काढू दिली नाही, गिऱ्हाईक तुटलं तरी, शिव्या खाल्ल्या तरी, आणि कारण विचारलं तर नवऱ्याचं नाव ओठावर येऊ दिलं नाही. पण महेशकुमारचं काय, असा प्रश्न माझ्या मनात आला, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर कळलं की तो तिला नऊ वर्षं रोज पडत असणार.

हावगेप्पा एका हाताचा आधार घेऊन उठले. “जनवाड्याचा नंबर हाय का तुझ्याकडं?”

“हाय.”

अक्कांनी ग्रीसचे हात पदराला पुसले, फोन लावला आणि नवऱ्याच्या कानाशी धरला.