हसण्यावरचा हात

आत्ताच घरी आलेय, कधी एकदा सांगते असं झालंय! आमच्या समाजमंदिरात दर रविवारी अफगाणिस्तानातून पळून आलेले आईबाप गोल करून बसतात आणि मनातलं बोलतात. मी चहा देते. आज नर्गिसची लेक खळखळून हसली आणि नर्गिसचा हात झटकन लेकीच्या तोंडावर गेला. तिकडे लपून काढलेल्या दिवसांतली सवय, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"हा हात थांबतच नाही हो," नर्गिस रडवेली झाली.

शेजारची फरीदा म्हणाली, "अगं, हसू दे! इथे कुणी ऐकलंच, तर चहा मागायला येईल."

सगळे हसले, पोरगीही. नर्गिसने हात मांडीखाली दाबून धरला. तर पोरीने स्वतःच स्वतःचं तोंड झाकलं!

तेव्हापासून मला चैन नाही. माणसं सुटतात, पण भीती केवढ्याशा हातात जाऊन बसते! पण तेव्हा मी नीट पाहिलं. त्या इवल्या बोटांच्या फटीतून थोडं हसू बाहेर येतच होतं.