तिसऱ्या वळणावरचं म्हातारं

रिकाम्या खुर्चीलासुद्धा “बसू का?” असं विचारून मग बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि हाच माणूस रविवारी सकाळी मोटारसायकलच्या शर्यतीत जीव खाऊन गाडी पळवायचा, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. तो आमच्या साडूंचा धाकटा मुलगा. साडूंचं उदगीरच्या मोंढ्यात आडतीचं दुकान; कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि बोलणं तुरीच्या भावाइतकंच. त्यांच्या पोटी हे विचारणारं पोर कसं आलं, हे आमच्या मेव्हणीलाही सांगता यायचं नाही. झाडाखाली गाडी लावायची तर तो झाडाला विचारायचा. विहिरीत डोकावण्याआधी काठावर थांबून खाकरायचा. रस्त्यातला दगड बाजूला करायचा तर “जरा सरकवतो हं” म्हणून मग हात लावायचा. लहानपणी आम्ही सगळे त्याला फार वळणाचा मुलगा समजत होतो. माझी बायको तर आमच्या दोन्ही पोरांना उठताबसता त्याचा दाखला द्यायची. पुढे हळूहळू तिनं दाखले देणं बंद केलं.

त्याला कारण झाली एक खुर्ची. नांदेडच्या जुन्या बाजारातून मी एक सागवानी आरामखुर्ची हौसेनं आणली होती. दसऱ्याला हा सोनं द्यायला आला. सगळे बसले, ती खुर्ची रिकामी, आणि हा भिंतीला टेकून उभा. मी म्हटलं, “अरे, बस की.” तर हळूच म्हणाला, “काका, त्येंचं होऊ द्या.” मी विचारलं, “कुणाचं?” तो म्हणाला, “चहा पिऊन राहिलेत.” आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही. पाचेक मिनिटं गेली, मग दाराकडं बघून अगदी घरच्या माणसाला निरोप द्यावा तसं “या हं” म्हणाला आणि खुर्चीत बसून मजेत शेव खाऊ लागला. दुसऱ्या दिवशी बायकोनं ती खुर्ची घराबाहेर काढली. मी ती शाळेला देऊन टाकली. आता तीत आमचे मुख्याध्यापक बसतात. त्यांना हल्ली चहा फार लागतो.

मी लोह्याला गणित शिकवतो. शाळेच्या क्रीडास्पर्धांमुळं माझ्याकडं एक बरं स्टॉपवॉच आहे, आणि एवढ्या एकाच पात्रतेवर नांदेड-लातूरच्या पोरांनी काढलेल्या मोटारसायकल क्लबानं मला वेळ मोजायला बसवलं. लोह्याच्या पुढं रस्त्याकाठी एक बरड माळ आहे. मालक पुण्याला जाऊन स्थायिक झालेला, रान पडीक. क्लबानं तो माळ मागून घेतला, जेसीबी फिरवून सपाट केला आणि त्यावर सात वळणांचा कच्चा ट्रॅक आखला. दिवाळीनंतर महिन्याला एक अशा चार शर्यती, प्रत्येकीत बारा फेऱ्या, आणि चारींचे गुण मिळून जो पहिला येईल त्याला क्लब पुण्याला शर्यतीच्या पुढच्या शिक्षणासाठी पाठवणार. आमच्या साडूंनी मुलाला हाच एक सीझन दिला होता. “पयला आला तर जा पुण्याला, मी आडवा येणार न्हाई. न्हाई आला तर गप दुकानात बसायचं,” असं त्यांनी देवासमोर बजावलं होतं. आमच्या साडूंना गाड्यांचा एवढा तिटकारा, की पोर शर्यतीत काय करतं हे बघायला ते चार कोस लांबून जाताना मानसुद्धा वळवत नसत.

पोर ट्रॅकवर काय करायचं ते मात्र बघण्यासारखं होतं. बाकीची मुलं आदल्या दिवशी येऊन गाड्या सुरू करून बघायची, चेनला तेल द्यायची, एकमेकांना शिव्या द्यायची. हा बूट काढून अनवाणी सगळा ट्रॅक चालायचा आणि प्रत्येक वळणावर थांबून आपलं नाव, बापाचं नाव, गाव सांगायचा. पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी तो असाच निघाला आणि तिसऱ्या वळणाशी बराच वेळ हात जोडून उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहुण्यांच्या घरी गेल्यासारखा अदबशीर झाला होता. म्हणाला, “काका, तिसऱ्या वळणावर म्हातारं बसलंय.” मी बघितलं. तिथं मुरूम होता आणि तरवडाचं एक झुडूप. “कुठं?” म्हटलं. “आतल्या अंगाला. मांडी घालून. तोंड हिकडंच हाय.” मी त्याला पाणी प्यायला सांगितलं.

शर्यतीत त्यानं काय करावं? दर फेरीला तिसरं वळण आलं की डावा हात हँडलवरून काढून कपाळाला लावायचा, हेल्मेटच्या आत “शरणार्थ” म्हणून आमच्यातला रामराम घालायचा आणि आतली जवळची वाट सोडून बाहेरून मोठा वळसा घ्यायचा. ऐन वळणावर, सुट्या मुरमावर, एका हातानं! मी घड्याळ लावून बघितलं, तर या शिष्टाचाराला दर फेरीत अर्धा सेकंद जात होता. बारा फेऱ्यांचे सहा सेकंद झाले, आणि पहिली शर्यत तो चार सेकंदांनी हरला. जिंकला तो नांदेडचा एक सरदार मुलगा, हसतमुख आणि दिलदार, गाडीवर मात्र कुणाच्या बापाचं न ऐकणारा. दुसरी शर्यत आमच्या पोरानं जिंकली, सहा सेकंद दान करूनही जिंकली, यावरून तो काय ताकदीचा होता ते समजावं. तिसरी पुन्हा सरदारानं घेतली.

आधी सगळी मुलं त्याची टिंगल करायची. कुणी विचारायचं, “म्हाताऱ्याला चहा नेऊ का?” कुणी तिसऱ्या वळणावर जाऊन मोठ्यानं रामराम घालायचं. मग झेंडा घेऊन तिथं उभा राहणारा लातूरचा मुलगा एक दिवस माझ्याकडं आला आणि म्हणाला, “सर, मला दुसऱ्या वळणावर टाका.” कारण विचारलं तर बुटानं माती उकरत म्हणाला, “मागं कोनतरी खाकरतंय.” त्याच्या जागी दुसरा दिला, त्यानं अर्धी शर्यत तिथं काढली आणि उरलेली अर्धी तिथून पन्नास पावलं दूर. त्यानंतर टिंगल थांबली. मुलं तिसऱ्या वळणाकडं पाठ करून डबे खाईनाशी झाली.

आता मी जे सांगतो ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. तिसऱ्या शर्यतीच्या दिवशी वाऱ्याची झुळूक नव्हती. गाड्या गेल्या की धुरळा उठायचा आणि ट्रॅकवर जाड पसरून राहायचा. तसा तो तिसऱ्या वळणावरही पसरला, पण तरवडाच्या झुडपाजवळ एके ठिकाणी पसरला नाही. मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी जागा स्वच्छ होती, आणि धुरळा तिला वळसा घालून पुढं जात होता. मी चष्मा पुसून पुन्हा लावला. चष्म्यात काही दोष नव्हता. मी खाली मान घालून फेरीची वेळ लिहिली.

एवढं बघूनही मी जे केलं त्याची मला आज लाज वाटते. चौथ्या शर्यतीच्या आधी सरदार एकाच गुणानं पुढं होता. जो ही जिंकेल त्याचा सीझन. आदल्या दिवशी दुपारी मी पोराला बाजूला घेतलं आणि मास्तरकी सुरू केली. “हे बघ, तुझं पुणं त्या सहा सेकंदांत अडकलंय. बारा वेळा नमस्कार कशाला? सुरुवातीला एकदाच बाराही फेऱ्यांचा मिळून ठोक नमस्कार कर आणि सरळ आतून जा.” तो बूट काढू लागला. मग म्हणाला, “इचारून बघतो.” अनवाणी गेला, उभा राहिला, परत आला.

“काय म्हणालं म्हातारं?”

“कायच न्हाई म्हनलं. नुसतं बघून राहिलं.”

“म्हणजे हरकत नाही,” मी जाहीर करून टाकलं. त्यानं माझं ऐकलं. मी त्याचा काका होतो, शिवाय गणिताचा मास्तर, आणि त्या पोरानं मोठ्यांचा शब्द कधी मोडला नव्हता.

अकरा फेऱ्या तो जसा चालला तसं त्या माळावर कुणी चाललं नाही. दोन्ही हात हँडलवर, गाडी आतल्या काठाला चिकटलेली, दर फेरीला आघाडी अर्ध्या सेकंदानं वाढत चाललेली. सरदार पाच सेकंद मागं पडला. मी मोठ्यानं आकडे ओरडत होतो, मास्तर आहे हे विसरून नाचत होतो. बारावी फेरी लागली. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला त्यानं दोन्ही ब्रेक करकचून दाबले. गाडी आडवी झाली, ट्रॅकवर घसरत गेली, आणि धुरळा बसला तेव्हा तो गाडीशेजारी हात जोडून उभा होता. सरदार आला, आडव्या गाडीला चुकवून बाहेरून निघून गेला. त्याच्या मागून आणखी दोघं गेले. मग यानं सावकाश गाडी उचलली, सुरू केली आणि चौथ्या नंबरानं आला.

मी काही बोलायच्या आत सरदार हेल्मेट काढत माझ्यावरच धावून आला. “सरजी, म्हाताऱ्या माणसांना दोरीच्या आत कशाला सोडता? पांढरे कपडेवाले ते बाबा ऐन वाटेत उभे! याची गाडी आडवी नसती तर मी सरळ त्यांच्या अंगावर गेलो असतो.” दोरीच्या आत सबंध सकाळ कुणी गेलं नव्हतं. मी पोराकडं वळलो. त्याचे गुडघे फुटले होते, आणि चेहऱ्यावर हरल्याचं काही नव्हतं, नुसती काळजी होती.

“काका,” तो म्हणाला, “सगळा सीझन बसलेलं व्हतं. आता उठून उभं राहिलं. उभ्या मानसाच्या अंगावर गाडी कशी घालावी?”

बक्षीस द्यायला रानाचा मालक पुण्याहून आला होता. भाषणात त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, की याच शेतात त्याच्या आजोबांची समाधी होती, आणि गाव सोडताना त्यानं समाधीवरचा दगड सोबत नेऊन पुण्याच्या बंगल्यासमोर बसवला, रोज फूल वाहिलं जातं. मालकही आमच्यासारखाच लिंगायत, आणि आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. खड्ड्यात कोनाडा करून त्याला मांडी घालून बसवतात, आणि दगड त्याच्या वरती ठेवतात. मी विचारलं, “दगड नेलात. आजोबांना नेलंत का?” तो हसला, आणि हसता हसता थांबला. “समाधी कुठं होती?” मी विचारलं. जेसीबीनं सपाट केलेल्या त्या माळावर त्याला खूण सापडेना. लांबचं लिंबाचं झाड आणि रस्त्यावरचा पूल बघत त्याचा हात फिरत गेला आणि तिसऱ्या वळणावर येऊन थांबला.

पोराला घेऊन मी उदगीरला गेलो. वाटेत तो एवढंच म्हणाला, “आप्पांला अजून एक सीझन मागतो. भांडून मागतो.” त्याला भांडताना मी कधी पाहिलं नव्हतं, पण या वेळी तो भांडला असता, त्याचे ओठ तसे आवळलेले होते. दुकानात शिरल्यावर मी, माझा सल्ला तेवढा वगळून, सगळं सांगितलं. साडूंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं आणि भर मोंढ्यात, हमालांच्या आणि गिऱ्हाइकांच्या देखत त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. उठून त्यांनी पोराच्या कपाळाला भस्म लावलं. “माझं लेकरू शर्यत सोडून थांबलं,” ते येईल त्याला सांगू लागले, “म्हाताऱ्या मानसाला मान दिला.” त्याचा हात धरून त्यांनी त्याला गादीवर आपल्या शेजारी बसवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा बापाला त्याचा अभिमान वाटला होता, आणि तो नेमका त्याच्या हरण्याचा. रागावलेल्या बापाशी तो भांडला असता, पण या बापाशी काय भांडणार? तो बसला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की नमस्कार चुकवायला मी सांगितलं, चूक माझी आहे, पोराला अजून एक सीझन द्या. मी चहा पिऊन परत आलो.

यंदा ट्रॅक हलवला. मालकानं दगड परत आणून तिथं ओटा बांधला, मुलं येताजाता हात जोडतात, आता कुणी खाकरत नाही. पहिल्या शर्यतीला साडू आले, जन्मात पहिल्यांदा. सोबत पोरगा होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, जरा भरलेला. दोघं माझ्या शेजारी दोरीला धरून उभे राहिले. पोरगा बापाला एकेक गोष्ट समजावून सांगत होता: वळणावर पाय का सोडतात, कुठला झेंडा कशाचा. साडू लहान मुलासारखे बघत होते. गाड्या गर्जत समोरून गेल्या, धुरळा अंगावर आला, आणि त्या आवाजात साडू आनंदानं ओरडले, “ह्यात आपला कोनता रं?”

पोरगा गाड्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिला. मग बापाच्या खांद्यावरचा धुरळा झटकत म्हणाला, “आपला कोनी न्हाई, आप्पा.”

त्या फेरीची वेळ लिहायची माझ्याकडून राहून गेली.