पोळीच्या कोपऱ्यातला बास

मुलांनो, आजोबा फोनवर तुम्हाला माझ्या माशाची गोष्ट सांगतात आणि दर वेळी तो मासा थोडा वाढतो. परवा तो हातभर झाला. तुम्ही पुण्याहून मोजायला येणार नाही, म्हणून तो आणखी वाढायच्या आत खरं काय ते लिहून ठेवते. खरी गोष्टही काही कमी नाही.

इकडे परदेशात, शुगर लँडला, आमच्या घरामागे शहराचं सार्वजनिक तळं आहे. त्यात बास होते. हिरवट अंगाचे, मोठ्या जबड्याचे, लहान मासे खाणारे मासे. एका उन्हाळ्यात इतकं उकडलं की पाण्यातला प्राणवायू कमी झाला आणि एका सकाळी ते सगळे उलटे तरंगताना दिसले. पुढच्या वसंतात शहराने टाकीच्या गाडीतून बासच्या बोटुकल्या आणून सोडल्या. बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू. आमच्या भंडाऱ्याकडे तलावात मासे सोडतात तेव्हाही हाच शब्द वापरतात.

त्यानंतर वर्षभर कुणाच्याही गळाला बास लागला नाही. शहराच्या तळ्यांचं काम पाहणाऱ्या बाईंनी वस्तीच्या बैठकीत स्पष्टच सांगितलं, "हा वसंत संपेपर्यंत बास जगल्याचं दिसलं नाही, तर पुढच्या बोटुकल्या दुसऱ्या तळ्यात जातील. इथे कारंजी बसवू आणि मासेमारी बंद करू." आजोबांचा चेहरा उतरला. रिटायर झाल्यावर या तळ्यानेच त्यांना माणसं मिळवून दिली होती. गळ टाकून बसलेल्यांत कोण कुठला, हे कुणी विचारत नाही.

मग सगळे पुरुष जोमाने लागले. मोठमोठी चकचकीत आमिषं लांब फेकायची, धप्प आवाज करायचा आणि रिकामा गळ ओढून घ्यायचा.

तेव्हा माझी नणंद नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. ताई रोज सकाळी उरलेल्या पोळ्यांचे तुकडे डब्यात घेत आणि लाकडी धक्क्याजवळच्या कोपऱ्यात माशांना घालत. "मुक्या जिवाला घालावं," म्हणत. लहान चपट्या माशांची झुंबड उडे. मी शेजारी उभी राहून बघत असे. एके दिवशी लक्षात आलं, की हे मासे खाता खाता एकदम पांगतात. आम्ही जागच्या हललेल्या नसायचो. म्हणजे खालून कुणीतरी येत होतं.

"अगं, मोठा मासा असा पायाशी येतो का?" आजोबा म्हणाले.

मी वाद घातला नाही. मासेमारीचा परवाना काढला आणि व्हिडिओ बघून हलक्या आमिषाची पद्धत शिकले. बारीक तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, छोटा गळ आणि त्याला मधोमध टोचलेलं रबराचं मऊ गांडूळ. वजन काहीही नाही. ते पाण्यात सोडायचं आणि गप्प बसायचं. दोन्ही टोकं थरथरत ते आपलं आपण खाली जातं.

"शेवया सोडतेस का?" आजोबांनी विचारलं.

पहिले काही दिवस खरंच नुसत्या शेवया झाल्या. पण मी शाळेत आयुष्य काढलेलं. प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणं मला चांगलं जमतं.

मग एका सकाळी ताईंनी तुकडे टाकले, लहान मासे आले आणि पांगले. मी गांडूळ धक्क्याच्या सावलीत सोडलं. सैल पडलेला तंगूस हळूच बाजूला सरकू लागला. मी झटका दिला नाही, काठी नुसती उचलली. ती वाकली.

"लागला! अगं, लागला!" हे ओरडले ते आजोबा.

बासच होता. वीतभराहून थोडा मोठा. जुने तर सगळे मेले होते, तेव्हा हा त्या बोटुकल्यांपैकीच एक.

"वहिनी, रस्सा कर," ताई म्हणाल्या. "सावजी मसाला आणलाय मी."

"ताई, आत्ताच तर पोळी घातलीत ना त्यांना!"

"लहानांना घातली. हा मेला माझ्या लहानांना खातो."

"याला सोडायचंय. फोटो काढून लगेच."

"पकडायचा आणि सोडायचा? हे कसलं खूळ?"

"हा जगला तर तळं भरेल, ताई. रस्सा एक दिवस पुरेल."

ताईंनी माशाकडे पाहिलं, मग आजोबांकडे. आजोबा फोटोसाठी फोन धरून उभे होते. "बरं, चिकन करू," त्या म्हणाल्या. "पण फोटोत माझा डबा आला पाहिजे. गिऱ्हाइकं मी जमवलीत."

मोजपट्टी, मासा आणि स्टीलचा डबा असा तो फोटो निघाला. मी ओल्या हातांनी बासला पाण्यात धरलं. क्षणभर तो तिथेच थांबला, मग गेला.

पुढच्या बैठकीत शहराच्या त्या बाईंनी तो फोटो मोठ्या पडद्यावर दाखवला आणि मला उभं केलं. कुठे, कशाने आणि तिथेच का, हे मी क्रमाने सांगितलं. इतकी वर्षं काठावर बसणारी मंडळी शांतपणे ऐकत होती. त्याच आठवड्यात धक्क्यावर रबरी गांडुळं घेऊन रांग लागली आणि आणखी बास निघाले. मला अभिमान वाटला, आणि तो मी लपवला नाही. थोड्याच दिवसांत टाकीची गाडी पुन्हा आली. बाईंनी पहिली बादली माझ्या हातून पाण्यात ओतवली.

कारंजी बसली नाहीत. यंदा धक्क्याखाली बासची पिल्लं दिसली, कुणीही न सोडलेली, इथेच जन्मलेली. तळ्यात बास आहेत आणि गळ टाकायला सगळ्यांना मोकळीक आहे.