कढीपत्त्याची राखण

पुरुषोत्तमकाकांनी अकोल्याला शेतकी खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली तेहतीस पंख्याखाली. पण हे त्यांच्यासमोर काढायचं नाही. रिटायर होऊन ते मुलाकडे, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला आले, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी त्यांना डोक्यावर घेतलं. कुणाचा मोगरा रुसला, कुणाच्या टोमॅटोवर मावा पडला, की फोन काकांना. काकाही घसा खाकरून असं काही सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मभर बांधावरच झोपला असणार.

एकटी सून अबोली त्यांना काही विचारत नसे. मागच्या अंगणात कुंडीत तिचा सहा वर्षांचा कढीपत्ता होता. मे ते सप्टेंबर जिथे दगडाला हात लावायची सोय नाही, तिथे तिने तो हिरव्या जाळीच्या सावलीत जगवला होता. दोनदा थंडीने त्याचा नुसता खुंट उरला, तेव्हा ती चक्क रडली होती.

सप्टेंबरात मुलगा निमिष आणि अबोली दहा दिवसांसाठी मैत्रिणीकडे डब्लिनला निघाले. जाताना फ्रिजवर कागद लागला: 'बाबा, १) रोज सकाळी पाणी. २) जाळी काढू नका. ३) काहीही फवारू नका.' आणि खाली, दोन रेघा मारून, 'बाकी काही करू नका.'

"मला? फवारू नका?" काका फ्रिजला म्हणाले. त्यांना ते भारीच लागलं. झाड असं राखायचं, की पोरीने परत येऊन तोंडात बोट घातलं पाहिजे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

तिसऱ्या दिवशी पानांवर काळ्या-पांढऱ्या शिटा दिसल्या आणि शेंड्याची पानं गायब. काकांनी जागेवर निकाल दिला: पाखरं! खातात ती खातात, वर घाण करून जातात मेली. त्यांनी निमिषच्या जुन्या सीडी दोऱ्याने टांगल्या. त्याचाच शर्ट घालून बुजगावणं उभं केलं. शेजारचा म्हातारा कुंपणावरून त्या बुजगावण्यालाच "हाय निमिष" म्हणून गेला. पाखरं पळाली, शिटा मात्र वाढल्या. मग काकांनी अख्ख्या झाडाला मच्छरदाणी बांधली आणि बुंध्याशी तांब्याभर आंबट ताक ओतलं. ते काही फवारणीत मोडत नाही.

आठव्या दिवशी झाडावर अकरा पानं उरली. काकांनी दोनदा मोजली. परवा अबोली येणार, तिला काय तोंड दाखवायचं?

त्याच दिवशी प्रीता आली. ती इथे पीएचडी करते. वरूडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. दर रविवारी अबोलीकडे पोह्यांसाठी पानं न्यायला येते. मच्छरदाणी बघून तिने भुवया उंचावल्या.

"काका, अळी पडली की हो याच्यावर!"

"अळी कुठली? शीट आहे ती पाखराची."

"शीट चालते का, काका?"

तिने मच्छरदाणीत हात घालून एका शिटेला काडी टोचली. शिटेने डोकं वर काढलं, त्यातून दोन केशरी शिंगं बाहेर आली आणि असा घाण वास सुटला, की काका दोन पावलं मागे.

"आपल्याकडच्या लिंबावरच्या अळीची इथली बहीण. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला ना, सोडते कशाला! अन् पाखरं तर हिला खातात. तुम्ही त्यांना हाकललंत आणि हिला मच्छरदाणी दिलीत!" हसता हसता प्रीता खालीच बसली. "आमच्या विहिरीवरच्या मोटारघरात शेतकी खात्याचा कागद चिकटवलेला होता. 'पाखराच्या शिटेसारखी दिसते, फसू नका, काडी लावून पाहा.' आम्ही पोरं ते ओरडत अळ्या वेचायचो. बाबा म्हणायचे, हे लिहिणाऱ्याने हाताने हजार अळ्या वेचल्या असतील."

तो कागद त्यांचाच होता. एका जुन्या पुस्तकातून, पंख्याखाली बसून उतरवलेला. जिवंत अळी ते आज पहिल्यांदा पाहत होते. मीच तो, असं सांगायला तोंड उघडलंही. पण मग त्या हजार अळ्यांचं काय सांगणार? लाज वाटली त्यांना, अगदी कानांपर्यंत.

"बादलीत साबणाचं पाणी आण," एवढंच ते म्हणाले. त्यांनी एकट्याने, उघड्या हातांनी, सव्वीस अळ्या वेचल्या. प्रीताला एकीलाही हात लावू दिला नाही. तीनदा हात धुतले तरी बोटांचा वास गेला नाही.

अबोली आली ती खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवता अंगणात गेली. काड्या बघून तिचे डोळे भरले. "बाबा, मी लिहून ठेवलं होतं ना..."

"मला अळी ओळखता आली नाही गं. शीट समजलो. चूक माझी."

काकांच्या तोंडून 'चूक माझी' लग्न झाल्यापासून ती प्रथमच ऐकत होती. मग वाकून तिने एकेक काडी तपासली. एका बेचक्यात तांदळाएवढा हिरवा कोंब होता.

"जगेल, बाबा," ती नाक पुसत म्हणाली. "याहून वाईट दिवस काढलेत त्याने."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढायला ती फ्रिजपाशी गेली. तिच्या कागदावर, त्या दोन रेघांच्या खाली, काकांच्या तिरप्या अक्षरात एक ओळ वाढली होती: '४) रोज पान उलटून पाहा. शीट वाटली तर काडी लावा. मी फसलो होतो.'