कौतिकनं तोंड उघडलं तो दिवस

लिही भूमिका, आधी कौतिकचं नाव लिही. आपल्या बहादरपुरात सूज उतरवायले लोक तिच्याकडंच जायचे. माझ्याच वयाची, सडसडीत, पायात कधी चप्पल नाही. कोणाचा गुडघा सुजला, कोणाचे पाय फुगले, का ती बांधावरून घेटुळी आणायची. तुमच्या पुस्तकात तिले पुनर्नवा म्हणतात ना, तीच. पाट्यावर वाटायची, फडक्यानं गाळायची, हिरवं पाणी पेलाभर पाजायची. पैसा घेतला नाही कधी.

अन तिचा एक नेम होता. पानं तोडली का तोंड बंद. आजारी माणसाचा पेला रिकामा होईपर्यंत एक शब्द नाही. सासूनं दिलेला नेम. बोललं का हाताचा गुण जातो, अन गेला का परत येत नाही. चाळीस वर्षं पाळला तिनं. मी वाटेत चिडवायची, "काय वो, आज महाराणीचा मुक्काम मौनात का?" तर नुसती डोळे वटारायची.

मग तू कॉलेजासाठी तिची पानं मागितली. सावलीत वाळवली, अर्क काढला. जांभळ्या पाण्यात तो टाकला तर पाणी पिवळं पडलं, ते मले फोनवर दाखवलं. मी म्हटलं, "हे काय, रंगपंचमी हाये?" तू म्हणे, लोखंडाले गंज लागतो तसं शरीरातही झिजवणारं काही असतं, त्याले हे पान थोपवतं, सुजेवरही काम करत असंल. पण तूच म्हणे, आजी, काचेच्या नळीतलं वेगळं, पोटातलं वेगळं. कौतिकले सांगितलं तर ती हसली. "चाळीस वर्षांनी कळलं का तुमच्या नळीले!"

अन मग तो दिवस. तुझ्या मायचे, मालतीचे, पाय असे फुगले का पैंजण निघेना. सकाळी कौतिक आली, पदरात पानं, तोंड बंद. वाटायले बसली. धुतली नाहीत, धुतलं का रस जातो म्हणायची. मले दोनचार पानांच्या कडा पिवळ्या दिसल्या, वळलेल्या. विचारलं, "असं काहून झालं हे?" ती बोलणारच नव्हती. मीच मूर्ख, गप राहिले.

मालतीनं दोन घोट घेतले, अन दारात यादव, ज्याच्या बांधावरून कौतिक पानं आणायची तो. केळीच्या शेतातून पळत आलेला, धापा टाकत.

"कौतिककाकू, मघाशी वाटेत विचारलं तर बोलली नाही तू! पानं वरच्या बांधाची का खालच्या? खालच्या बांधावर काल तणनाशक मारलं मी!"

मालतीच्या हातातून पेला हिसकून घेतला मी. "कौतिक, बोल!"

ती पेल्याकडं पाहे, मालतीकडं पाहे. पेला अजून रिकामा नव्हता, नेम सुटला नव्हता.

मालती रडवेली झाली. "मावशी, सांगा ना वो, माझ्या पोटात काय गेलं?"

"खालच्या," कौतिक बोलली. "खालच्या बांधाची."

यादव पळतच गेला, त्या तणनाशकाची बाटली घेऊन आला. म्हणे डॉक्टरले दाखवावी लागंल. तुझ्या बापानं गाडी काढली. बुऱ्हानपूरपर्यंत मालतीनं माझं मनगट सोडलं नाही, अन मी तिच्या ओठांचा रंग पाहत बसले. निळे तर नाही पडत? डॉक्टर म्हणे, बाटली आणली ते फार बरं केलं. एक दिवस ठेवून घेतलं. बाहेर बाकावर मी अन कौतिक. "माझ्या हातानं, माझ्या हातानं," एवढंच म्हणे ती, पदराचा बोळा तोंडाशी धरून.

वाचली तुझी माय. सूज कायची ते पण तिथंच तपासलं, आता गोळ्या चालू हायेत.

पण कौतिक घराबाहेर निघेना. गुण गेला म्हणे. मग तूच तिले ओढत वरच्या बांधावर नेलं, बोलायले लावलं अन बोलता बोलता पानं तोडून घेतली. तरी ते जांभळं पाणी पिवळंच पडलं. फोन समोर धरला तर किती वेळ पाहत राहिली बिचारी.

आता ती शेतात शिरायच्या आधीच ओरडते, "यादव, कुठं फवारलं रे?" पोरं हसतात. प्यायले कोणाले देत नाही, गुडघ्याले लेप तेवढा, तोही पानं तीनदा धुऊन. अन मी? परवा पालक उकडला, पातेल्यात हिरवं पाणी दिसलं, तर तो पेलाच आठवला. सगळं मोरीत ओतलं. हसू नको, लिही तेही.