सांबारवडीसोबत गोड वाइन

रंजीता दहावीत होती तेव्हा तिचे वडील दारूपायी गेले. गोंडपिपरी तालुक्यातल्या त्यांच्या गावात असं मरण काही नवं नव्हतं. पण तिची आई कमला त्यानंतर गप्प बसली नाही. मजुरीवरून आली की ती दारूबंदीच्या महिला मंडळात जायची, भट्ट्या फोडायला पुढे असायची. घरात दारूचं नावही निघत नसे. रंजीतानेही आईला शब्द दिला होता, कधी पिणार नाही.

पुढे रंजीता मोहर्लीजवळच्या एका रिसॉर्टात स्वयंपाकाला लागली. जिल्ह्यातली दारूबंदी उठल्यावर रिसॉर्टने परवाना काढला आणि मॅनेजर हरिदासभाऊंनी इतर बाटल्यांबरोबर एक गोड, सुवासिक पांढरी वाइन मागवली. गोड म्हणून ती जेवणानंतर गुलाबजामासोबत दिली जाई. पाहुणे अर्धा पेला टाकून उठत. तेव्हा हरिदासभाऊंनी रंजीताला सांगितलं, हिच्यासोबत काय शोभेल ते तूच बघ.

आधी ती नुसता वास घेत राहिली. गुलाबपाणी, लिची, मागून संत्र्याच्या फुलोऱ्याचा हलका दरवळ. त्या अंदाजाने तिने खीर देऊन पाहिली; तेव्हाही पेले तसेच परत आले. वाढपाचं काम बघणारी दिव्यानी म्हणाली, वासावर किती दिवस काढशील. शेवटी रंजीताने एक घोट तोंडात घेतला, फिरवला आणि थुंकून टाकला. मग गुलाबजामाचा घास खाऊन पुन्हा घेतला. पाकापुढे वाइनचा गोडवा पार मरत होता, जिभेवर उरत होता तो आंबटपणा.

तिने गोडाचा नाद सोडला आणि तिखटाकडे वळली. सांबारवडी तळली. आत भरपूर हिरवा सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, आणि झणझणीत मिरची. वडीने जीभ पेटली की वाइनचा थंडगार घोट तिला निववत होता आणि सांबाराचा वास उलट खुलत होता. मिरचीतल्या झिंग्यांशीही वाइनचं जमलं. सावजी मटणाच्या रश्श्यात मात्र ती बुडून गेली, कुठे लागेचना.

पाहुण्यांना वडी आणि वाइनची जोडी आवडली. याच सुमारास रिसॉर्टला आलेल्या गावच्या एका ड्रायव्हरने तिला घोट घेताना पाहिलं आणि गावात बातमी पोचली, कमलाबाईची पोरगी पिते.

कमला दुसऱ्याच दिवशी बस धरून आली आणि थेट स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. वाइनची नवी पेटी आली होती, तिची चव बघायची होती. आईच्या समोरच तिने घोट घेतला, स्टीलच्या वाटीत थुंकला, वडीचा तुकडा खाल्ला, पुन्हा घोट घेतला, पुन्हा थुंकला.

"थुकूनच राह्यली, तर तोंडात काऊन घेऊन राह्यली?" कमलाने विचारलं.

"चव कळाले लागते, आई. पोटात जाऊ देत नाई मी."

कमलाने पेला उचलून नाकाशी नेला. बराच वेळ धरला.

"तुह्या बापाच्या तोंडाले असा वास कधी आला नाई," ती म्हणाली. पेला खाली ठेवला. "पण दारूच हाय हे."

"हाय," रंजीता म्हणाली.

कमलाने दोन वड्या खाल्ल्या, मीठ कमी आहे म्हणाली आणि संध्याकाळच्या बसने परत गेली. जाताना एवढंच सांगितलं, बाटली घरी आणू नको.

रंजीताने कधी आणली नाही. पुढल्या हिवाळ्यात रिसॉर्टने तिला वाइनचं शिकायला नाशिकला पाठवलं, तेव्हा तिने आईला फोन करून आधी कळवलं. कमलाने विचारलं ते तिकडे थंडी किती असते एवढंच. ती अजून मंडळात जाते. तिथल्या बायांनी पोरगी काय करते असं विचारलं, की खरं तेच सांगते: "स्वयंपाक करते, आन् वाइन चाखून थुकते." काही बाया हसतात, काहींना पटत नाही. कमला त्यांच्याशी वाद घालत नाही.